समुद्रावरून शंभर मैल: सिम्युलेटरमधल्या हवाई हल्ल्याची आखणी

एप्रिल २०२५ मध्ये भारताने नौदलासाठी २६ राफेल मरीन विमानांचा करार फ्रान्सशी केला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस विमानवाहू नौकांशिवाय दुसरा विषय नव्हता. तेव्हा धाकट्या काकांनी मला विचारलं, "तू रात्र-रात्र जागून ते विमान उडवतोस ना? मग सांग बघू. बोटीवरून उडायचं, रडारला दिसू नये म्हणून खालून जायचं, बॉम्ब टाकायचा आणि परत यायचं. याची आखणी करायला तुम्हाला चार-चार दिवस कशाला लागतात?"

प्रश्न रास्त होता. मी दोन ओळींत उत्तर लिहायला बसलो आणि ते जमेना. म्हणून हा लेख. विमानांची काहीच माहिती नसलेल्या माणसालाही शेवटी कळावं, की खालून केलेला हल्ला हा धाडसाइतकाच हिशोबाचा विषय आहे. हिशोब कसला, तर मिनिटांचा.

## आधी मैदान समजून घेऊ

लढाऊ विमान उडवण्याची संगणकावरची बारकाईची नक्कल म्हणजे कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर. मी वापरतो तो डीसीएस वर्ल्ड. मूळ प्रोग्राम फुकट मिळतो. त्यासोबत कॉकेशसचा नकाशा, एस्यू-२५टी हे हल्ला करणारं विमान आणि एक बिनशस्त्र मस्टँग विमानही फुकट येतं. आम्ही उडवतो ते एफ/ए-१८सी हॉर्नेट मात्र विकत घ्यावं लागतं. कॉकपिटमधली बटणं चालतात, इंजिन क्रमाने सुरू करावं लागतं, इंधन संपतं, वारा लागतो आणि रडारला डोंगराआडचं दिसत नाही. या लेखापुरतं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

आम्ही चौघं आहोत: दोघं पुण्याचे, एक नाशिकचा, एक न्यू जर्सीला. शनिवारी आमची रात्र आणि त्याची सकाळ जुळते. आमची एक मोहीम अशी होती. नौका काळ्या समुद्रात, जॉर्जियाच्या कोबुलेती किनाऱ्यापासून १०० सागरी मैल पश्चिमेला. लक्ष्य कुताईसी शहराजवळच्या कोपित्नारी विमानतळावर आम्हीच नकाशात मांडलेला दारूगोळ्याचा साठा, किनाऱ्यापासून आत साधारण ७० किलोमीटर. खऱ्या जगात अमेरिकेची मोठी विमानवाहू नौका काळ्या समुद्रात शिरत नाही, कारण १९३६ च्या माँत्रो कराराने तुर्कीच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या परक्या युद्धनौकांच्या वजनावर मर्यादा घातलेली आहे. सिम्युलेटरमध्ये तेवढी मुभा आपण घेतो.

मापांचं एकदाच सांगून टाकतो. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. हॉर्नेटचा काटा इंधन पाउंडात दाखवतो, म्हणून इंधन पाउंडातच बोलू.

## खालून का उडायचं?

मुरुड किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर उभं राहून होडी दूर जाताना बघितली असेल, तर रडारचं निम्मं गणित तुम्हाला आलेलं आहे. होडीचं अंग आधी दिसेनासं होतं, शीड बऱ्याच वेळाने. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे ठेंगणी वस्तू लवकर क्षितिजाआड जाते. रडारच्या लहरीही साधारण सरळच जातात, म्हणून रडारलाही क्षितिज असतं. त्याला रडार क्षितिज म्हणतात.

ते काढायचं सूत्र सोपं आहे. रडारच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ आणि विमानाच्या उंचीचं वर्गमूळ यांची बेरीज करा आणि तिला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. रडारचा अँटेना १६ मीटरवर आहे आणि विमान ६,४०० मीटरवर, तर ते ३४६ किलोमीटरवरून दिसू शकतं. तेच विमान ६४ मीटरवर आणलं, म्हणजे वीस-बावीस मजली इमारतीच्या उंचीवर, तर हा आकडा ४९ वर येतो.

आता किलोमीटर विसरा आणि घड्याळ बघा. ४८० नॉटने, म्हणजे तासाला ८८९ किलोमीटरने, आपण येतोय. वरून आलो तर समोरच्याला २३ मिनिटं मिळतात. तेवढ्यात त्याची विमानं उडून वर येऊ शकतात, क्षेपणास्त्रांचे ट्रक तयार होतात, सैनिक तोफांवर पोहोचतात. खालून आलो तर त्याच्या हातात साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. त्यातलं पहिलं मिनिट पडद्यावरचा ठिपका खरा की खोटा हे ठरवण्यात जातं.

लोक म्हणतात, खालून उडणारं विमान रडारला दिसत नाही. हे अर्धवट आहे. दिसतं, पण उशिरा. पुढची सगळी आखणी या उशिराच्या मिनिटांभोवती फिरते. ती मिनिटं आपण विकत घेतो आणि त्यांची किंमत इंधनाने आणि चुकीला उरलेल्या जागेने मोजतो.

## सुरुवातीपासूनच पाण्याला का चिकटायचं नाही?

नवीन माणूस नौकेवरून उडाला की लगेच लाटांवर उतरतो. त्याची गरज नसते. तेच सूत्र उलट चालवलं की उतरायच्या पायऱ्या मिळतात. रडार लक्ष्यापाशी आहे असं धरा. ९०० मीटरवर असलो तर आपण १४० किलोमीटरवरून दिसू, तेव्हा १४० किलोमीटर अंतर येण्याच्या आत ९०० मीटर सोडायचे. २२५ मीटरवर असलो तर ७८ किलोमीटरपर्यंत निर्धास्त. आमच्या मोहिमेत ७८ किलोमीटरची रेघ किनाऱ्याच्या थोडी अलीकडे, पाण्यात पडत होती. म्हणजे खऱ्या अर्थाने खाली उडायचं ते किनारा ओलांडण्याच्या अर्धा मिनिट आधीपासून.

किनाऱ्यानंतर डोंगर मदतीला येतात. वरंधा घाटात गाडी वळणाआड गेली की मोबाइलचं नेटवर्क जातं, सोंड ओलांडली की परत येतं. टॉवर तिथेच असतो, मध्ये डोंगर आलेला असतो. रडारचं अगदी तसंच आहे. कोबुलेतीच्या आत मेस्खेती रांग पूर्वेकडे जाते आणि तिच्या सोंडा उत्तरेला, रिओनी नदीच्या सपाटीकडे उतरतात. सरळ रेघ सपाटीवरून जाते, पण ती आम्ही सोडली. सोंडांच्या मागून, खिंडीखिंडीतून वाट काढली. दोनेक मिनिटं जास्त लागतात, पण तेवढा वेळ समोरचं रडार आंधळं असतं.

अंधारात बॅटरी घेऊन फिरणाऱ्या माणसाला जेवढं दिसतं, त्याच्या कितीतरी दुरून त्याची बॅटरी इतरांना दिसते. रडारही असंच उजेड टाकत असतं. आपल्या विमानात त्या लहरी ओळखणारं इशारा यंत्र असतं. रडारची लहर विमानावर पडली की कानात बारीक टिकटिक होते आणि छोट्या गोल पडद्यावर कोणत्या दिशेला काय आहे ते उमटतं. खिंडीतून जाताना ती टिकटिक सुरू होते, सोंड मध्ये आली की थांबते. आखणी बरोबर जमली आहे हे मला नकाशापेक्षा त्या आवाजाने जास्त कळतं. आपलीही बॅटरी अशी दुरून दिसू नये म्हणून आपलं रडार मात्र बंद ठेवायचं आणि रेडिओवर कुणी बोलायचं नाही.

## ४८० हाच आकडा का?

कारण ४८० भागिले ६० म्हणजे ८. मिनिटाला बरोबर आठ सागरी मैल. ४२० ने सात, ५४० ने नऊ. खाली उडताना डोकं शिल्लक नसतं. मनातल्या मनात पाढा म्हणता येईल असाच वेग निवडायचा.

पाढा कशासाठी, तर वेळ पाळण्यासाठी. बॉम्ब लक्ष्यावर कधी पडणार ती वेळ सेकंदापर्यंत ठरलेली असते. तिला लक्ष्यवेळ म्हणू. लग्नाचा मुहूर्त ठरला की आपण उलटं मोजत येतो: मुहूर्त बारा पाचचा, तर वऱ्हाड अकराला हवं, बस साडेआठला सुटायला हवी, पाहुण्यांना सहाला उठवायला हवं. इथेही तसंच. आमची लक्ष्यवेळ होती १७:३०:००. लक्ष्याच्या १६ सागरी मैल आधी एक ठळक खूण निवडली, जिथून शेवटची सरळ धाव सुरू होते. तिला प्रवेशबिंदू म्हणतात. सोळा मैल म्हणजे दोन मिनिटं, तर तिथे १७:२८. किनाऱ्यापासून लक्ष्य ३८ मैल, म्हणून किनारा १७:२५:१५ ला. नौका त्याच्याही १०० मैल मागे, म्हणून तिच्यावरून निघायचं १७:१२:४५ ला. चार विमानं एकेक करून उडणार, वर जमणार, त्याला अठरा मिनिटं. म्हणजे पहिलं विमान १६:५५ ला डेक सोडणार. खिंडीतल्या वळणांची दोन मिनिटं नंतर समुद्रावरच्या टप्प्यातून कापून घेतली.

संध्याकाळच का? सूर्यामुळे. पश्चिमेकडून पूर्वेला हल्ला करायचा तर पहाटे सूर्य आपल्या डोळ्यांत येतो. संध्याकाळी तो आपल्या पाठीशी असतो आणि तोफेवरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. पण संध्याकाळी गेलं की नौकेवर उतरताना उजेड संपत आलेला असतो. यावर आमची दोन रात्री चर्चा चालली होती. शेवटी मावळतीच्या तासभर आधीची वेळ धरली.

हा विषय किती गंभीर आहे ते एका खऱ्या घटनेवरून कळेल. ४ डिसेंबर १९८३ ला अमेरिकेच्या इंडिपेंडन्स आणि जॉन एफ. केनेडी या नौकांवरून लेबनॉनमधल्या सीरियन ठिकाणांवर हल्ला झाला. ठरलेली वेळ ऐनवेळी काही तास अलीकडे आणण्यात आली. काही विमानं अपुऱ्या बॉम्बनिशी उडाली आणि सकाळचा सूर्य समोर होता. दोन विमानं पडली, एक वैमानिक मेला, एक अधिकारी कैद झाला. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, अमेरिकी नौदलाने नेवाडातल्या फॅलन तळावर हल्ल्याची आखणी शिकवणारं खास केंद्र उभं केलं. वेळापत्रक विस्कटलं की माणसं मरतात, हे त्यांनी तिथे अभ्यासक्रमात आणलं.

## जमीन किती सेकंद दूर आहे?

४८० नॉट म्हणजे सेकंदाला २४७ मीटर. ६४ मीटरवर उडताना नाक फक्त एक अंश खाली झुकलं तर जमीन पंधरा सेकंदांवर आहे. पाच अंश झुकलं तर तीन. नकाशा बघायला मान खाली घातली आणि हात नकळत पुढे गेला, की एवढाच वेळ असतो. म्हणून खाली उडताना नकाशा बघायचा नसतो. तो आधीच पाठ करायचा असतो.

वळणांचं गणित याहून फसवं आहे. या वेगाला विमान साठ अंश कलंडवून वळवलं, तर वळणाची त्रिज्या ३.६ किलोमीटर येते. अर्धं वळण घ्यायला सात किलोमीटर रुंद जागा हवी. कागदावर दरी सुंदर दिसते आणि आत शिरल्यावर कळतं की इथे वळताच येणार नाही. मी आता नकाशावर टोकदार कोपरे काढतच नाही. कंपासने ३.६ किलोमीटरचे कंस काढतो आणि कंस डोंगरात घुसला तर वाट बदलतो.

चौकटीच्या वहीचं एक पान माझ्या गुडघ्यावर असतं. त्यावर पेन्सिलीने फक्त चार रकाने: खूण, दिशा, वेळ, इंधन. "पूल, ०७२, १७:२६:४०, ८.१." एवढंच. दिशा अंशांत, इंधन हजार पाउंडांत. खिंडीतून बाहेर पडताना पूल दिसला की स्टॉपवॉच बघायचं. पाच सेकंद उशीर असेल तर वेग थोडा वाढवायचा आणि पुढची ओळ वाचायची.

## इंधन: खरी किंमत इथे मोजली जाते

कमरेएवढ्या पाण्यातून चालणं आणि रस्त्यावरून चालणं यांत जो फरक, तोच खालच्या आणि वरच्या हवेत. समुद्रसपाटीची हवा दाट असते, तिला ढकलत जायला जास्त इंधन लागतं. आखणी करताना मी खाली मिनिटाला १५० पाउंड धरतो, वर ९०. हॉर्नेटच्या पोटात साधारण १०,८०० पाउंड मावतात.

आता घरखर्चाची वही मांडतो तसं मांडू. उड्डाण आणि वर जमणं, १,८००. लक्ष्यापर्यंत सव्वासतरा मिनिटं, हाताशी राहावं म्हणून सगळी खालच्या दराने धरून, २,६००. हल्ल्याच्या वेळी जोर लावायला १,०००. परतताना किनाऱ्यापर्यंत पुन्हा खालून, ७५०. मग वर चढून नौकेपर्यंत, १,१००. बेरीज ७,२५०. नौकेवर उतरणं पहिल्या फेरीत जमेलच असं नाही, म्हणून २,५०० राखीव. झाले ९,७५०. उरले हजारभर पाउंड. आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागे थेट इंधन जाळून मिळणारा जादा जोर, समुद्रसपाटीला एका मिनिटात साधारण तेवढे खातो. शत्रूचं एक विमान मागे लागलं, एक मिनिट पळालो, की शिल्लक शून्य.

म्हणून पोटाखाली जादा टाकी लावली. टाकीने वजन वाढलं, वजनाने इंधन वाढलं, म्हणून दोन बॉम्ब कमी केले. काकांच्या चार दिवसांतले दीड दिवस इथे जातात.

## वारा पडला तर?

विमानवाहू नौकेची धावपट्टी आखूड असते. बहुतेक अमेरिकी नौकांवर वाफेची कॅटापुल्ट विमानाला गलोलीसारखी फेकते. आपल्या विक्रांतवर कॅटापुल्ट नाही, टोकाला वर वळलेली घसरगुंडीसारखी पट्टी आहे. पद्धत कोणतीही असो, नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने चालते. तिचा वेग आणि वारा मिळून डेकवर समोरून जो झोत येतो, तो पंखांना फुकटची उचल देतो. झोत कमी, तर उचलता येणारं वजन कमी.

२ मे १९८२ ला फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाची बेंतिसिंको दे मायो ही विमानवाहू नौका ब्रिटिश ताफ्यावर हल्ल्याच्या तयारीत होती. डेकवर बॉम्ब लावलेली स्कायहॉक विमानं उभी होती. आणि वारा पडला. दक्षिण अटलांटिकमध्ये, जिथे वारा थांबणं हीच नवलाची गोष्ट. भरलेली विमानं कॅटापुल्टने उडवता येईनात, हल्ला रद्द झाला. त्याच दिवशी ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची बेलग्रानो ही क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, बुडवली आणि विमानवाहू नौका माघारी फिरली. ती पुन्हा लढाईत आलीच नाही.

आपल्या जुन्या विक्रांतची गोष्टही याच धाग्यातली आहे. १९७१ मध्ये तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे वेगावर मर्यादा होती. तरीही ४ डिसेंबर १९७१ ला तिच्यावरून सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक उभं आहे. मुलांना घेऊन गेलात तर त्याच्या पंखाखाली थांबून एकदा डोळ्यांनी माप घ्या. ते विमान किती लहान आहे आणि अधू बॉयलरच्या नौकेवरून ते भरून उडवणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्यावर उमगतं.

आमच्या मोहिमेत वारा पश्चिमेचा होता. म्हणजे विमानं सोडताना नौका पश्चिमेला, लक्ष्यापासून दूर पळत होती. अठरा मिनिटांत सात-आठ मैल. ते इंधनाच्या वहीत वाढवावे लागले.

## बॉम्ब टाकणं सगळ्यात सोपं असेल ना?

नाही. आणि यामागचं कारण बहुतेकांना माहीत नसतं.

६४ मीटरवरून साधा बॉम्ब सोडला तर तो ३.६ सेकंदांत जमिनीवर येतो. या वेळात तो आपल्याच वेगाने पुढे जात असतो, म्हणजे फुटतो तेव्हा जवळजवळ आपल्या पोटाखाली असतो. आपल्याच बॉम्बचे तुकडे आपल्याला लागतात. यावर दोन उपाय निघाले. एक, बॉम्बच्या शेपटीला उघडणारी पाती किंवा छत्री लावायची, म्हणजे तो मागे पडतो आणि आपण पुढे निघून जातो. ५०० पाउंडांच्या मार्क-८२ बॉम्बला लागणारी स्नेकआय पाती याच कामाची. दुसरा, लक्ष्याजवळ आल्यावर अचानक वर झेपावायचं, विमान उलटं करून नाक खाली ओढायचं, उतरत्या रेघेत बॉम्ब सोडायचा आणि पुन्हा खाली दडायचं. याला पॉप-अप म्हणतात. त्यात लक्ष्य नीट दिसतं, पण दहा-पंधरा सेकंद सगळ्यांना आपणही दिसतो.

शिवाय बॉम्ब फोडणारी कळ, म्हणजे फ्यूज, विमानापासून सुटल्यावर काही वेळाने जागी होते. हा उशीर वैमानिकाच्या सुरक्षेसाठी असतो. फॉकलंडमध्ये अर्जेंटिनाचे वैमानिक ब्रिटिश क्षेपणास्त्रं टाळायला इतके खालून आले की अनेक बॉम्ब नौकांना भिडले, पण फ्यूज जागी व्हायच्या आत. फुटलेच नाहीत. २३ मे १९८२ ला ब्रिटिशांच्या अँटिलोप या युद्धनौकेत असे न फुटलेले बॉम्ब रुतून बसले. त्यातला एक निकामी करताना फुटला आणि नौका गेली. वैमानिकांच्या हिमतीत काही कमी नव्हतं, आखणीतल्या एका आकड्याने घात केला. सिम्युलेटरमध्ये बॉम्ब न फुटता जमिनीत रुतताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी हा इतिहास नीट वाचला.

मागून येणाऱ्या जोडीचा प्रश्न वेगळाच. फुटलेल्या बॉम्बचे तुकडे हवेत बराच वेळ असतात, म्हणून दोन जोड्यांत अर्धा मिनिट अंतर ठेवतात. एका शनिवारी नाशिकचा मित्र वीस सेकंद लवकर पोहोचला. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं, खिंडीतलं एक वळण त्याने आतून कापलं होतं, बस्स. त्याच्या विमानाला आमच्या बॉम्बचे तुकडे लागले. हेडफोनमध्ये तो एवढंच म्हणाला, "लागलं रे." मग शांतता. त्यानंतर आम्ही प्रवेशबिंदूला थांबून वेळ जुळवायची सोय, म्हणजे एक छोटा वळसा, प्रत्येक आखणीत ठेवतो.

## "पण आकाशातून बघणारं रडार असेल तर?"

हा आक्षेप बरोबर आहे. विमानावर बसवलेलं टेहळणी रडार नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून खाली बघतं, त्याचं क्षितिज कितीतरी लांब असतं. लाटांपासून हलणारं विमान वेगळं ओळखण्याची युक्तीही त्याला येते. नकाशात असं एक विमान शत्रूकडे असेल, तर खालून उडण्याचा बहुतेक फायदा गेला. मग एक तर आधी त्याला हटवायचं, नाहीतर दुसरी जोडी उत्तरेकडून उंचावर पाठवून सगळ्यांचं लक्ष तिकडे खेचायचं.

जमिनीवरच्या रडारसाठी वेगळी जोडी असते. ती रडारच्या लहरींवर झेपावणारी हार्म क्षेपणास्त्रं सोडते. ती पोहोचायला दोनेक मिनिटं लागतात, म्हणून ती आम्ही प्रवेशबिंदूला असतानाच सुटावी लागतात. रडारचालकाने भीतीने रडार बंद केलं तरी आमचं काम झालं.

## "ही पद्धत जुनी झाली ना?"

बऱ्याच अंशी हो. १९९१ च्या आखाती युद्धात पहिल्या काही रात्रींनंतर खालून जाणं मोठ्या प्रमाणावर सोडून देण्यात आलं. रडार टाळता येत होतं, पण खालच्या तोफा आणि खांद्यावरून सोडायची छोटी क्षेपणास्त्रं टाळता येत नव्हती. त्यांना रडार लागत नाही, डोळे पुरतात. आता दुरून सोडायची अचूक शस्त्रं आहेत. म्हणून आम्ही अशी मोहीम आखतो तेव्हा काळ ऐंशीच्या दशकाचा धरतो आणि त्या काळात नसलेली शस्त्रं वापरत नाही.

क्षितिज मात्र जुनं होत नाही. आज नौकेवर मारा करणारी क्षेपणास्त्रं लाटांना चिकटून येतात ती याच कारणाने. तेच सूत्र, तीच मिनिटं.

## "शेवटी खेळच की!"

खेळ आहे, आणि त्याच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. वळताना छातीवर चौपट वजन बसत नाही, घाम डोळ्यांत जात नाही, आणि चूक झाली तर मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन येतो. खऱ्या वैमानिकाच्या कामाशी याची बरोबरी करणं हा त्यांचा अपमान होईल. पण आकडे खरे आहेत. क्षितिज, वळणाची त्रिज्या, पडणाऱ्या बॉम्बचे सेकंद, हे सगळं शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. ते हातात धरून एक निर्णय घ्यायला लागलो, की बातम्यांमधलं "विमानांनी यशस्वी हल्ला केला" हे वाक्य वाचताना त्यामागची माणसं दिसू लागतात: गुडघ्यावर पान घेतलेली आणि मनात आठाचा पाढा म्हणणारी.

## आणि नौका कुठे आहे?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि आखणीत तो सगळ्यात आधी सोडवायचा असतो. विमानतळ जागचा हलत नाही, नौका हलते. आपण ५० मिनिटांनी परत येतो तोवर २४ नॉटने चाललेली नौका वीस सागरी मैल पुढे गेलेली असते. शत्रूला सापडू नये म्हणून तिने दिशादर्शक संकेतही बंद ठेवलेला असतो. म्हणून परतीची जागा उड्डाणाआधीच वहीत लिहिलेली असते. शिवाय न टाकलेले बॉम्ब आणि जास्तीचं इंधन घेऊन उतरता येत नाही. हॉर्नेटला डेकवर ३३,००० पाउंडांच्या आसपासच वजन चालतं. म्हणजे इंधन कमी पडूनही भागत नाही आणि जास्त राहूनही नाही.

त्या संध्याकाळी आम्ही चौघंही परतलो. १७:४८ ला मी ढगाखाली आलो तेव्हा पाणी काळं पडायला लागलं होतं आणि वहीत लिहिलेल्या जागी काहीच दिसत नव्हतं. काट्यावर ३,४०० पाउंड. मी डावीकडे दहा अंश वळलो आणि न्यू जर्सीचा मित्र, ज्याच्याकडे परतीच्या जागेचं काम होतं, रेडिओवर त्या तासाभरातलं पहिलं वाक्य बोलला, "उजवीकडे बघ, उजवीकडे." पांढऱ्या फेसाची एक लांब रेघ आणि तिच्या टोकाला नौका. डेकवरच्या तारेत अडकायचा शेपटीचा हुक खाली केला.